सूर्यकांत टिळेकर संडासासाठी अर्ज करतात

सूर्यकांत टिळेकरांनी भरलेला अर्ज आजवर कधी परत आला नव्हता. हे ते स्वतःच सांगत, आणि कुणी न विचारता सांगत. पासपोर्ट, गॅस, मुलीची शाळा, सोसायटीतली पार्किंगची जास्तीची जागा, काहीही असो. टिळेकरांनी अर्ज करावा आणि समोरच्याने तो निमूटपणे मंजूर करावा असा शिरस्ताच पडून गेला होता. बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या एका कंपनीत ते प्रोसेस ऑडिटचे मॅनेजर होते. म्हणजे बाकीचे लोक जे काम करतात, ते त्यांनी केलं असं दाखवणारे कागद नीट आहेत की नाहीत हे पाहायचं. वीस वर्षं हे केल्यावर माणसाचा कामावरचा विश्वास उडतो आणि कागदावरचा बसतो. टिळेकरांचं तेच झालं होतं.

म्हणून एका रविवारी सकाळी उपमा खाता खाता मुग्धा म्हणाली, "बाबा, आमच्या कॉलेजात स्टुडंट ग्रँट निघालीय. आपण आणि एखादी वस्ती किंवा संस्था, दोघांनी मिळून काहीतरी प्रकल्प करायचा. मी अर्ज करणार आहे," तेव्हा टिळेकरांनी चमचा खाली ठेवला.

"करणार आहे म्हणजे? किती दिवस राहिले?"

"बारा."

"लिंक पाठव."

"बाबा, मी भरणार आहे."

"तूच भर ना! मी फक्त बघतो."

या वाक्याचा अर्थ त्यांच्या बायकोला, स्मिताला, चांगला ठाऊक होता. पडद्यांच्या वेळीही ते म्हणाले होते, "तूच निवड, मी फक्त बघतो." आज घरातले सगळे पडदे राखाडी होते.

अर्ज चौदा पानांचा होता. समस्या, उपाय, नावीन्य, परिणाम, टिकाऊपणा असे एकापेक्षा एक रकाने. ते पाहून टिळेकरांचे डोळे लकाकले. काही माणसांना मिठाईचं दुकान पाहून जसं होतं तसं त्यांना कोऱ्या रकान्यांकडे पाहून होत असे. दुपारपर्यंत त्यांनी विषय ठरवला, प्रकल्पाचं नाव ठरवलं आणि बोधचिन्हाचे दोन नमुनेही काढले. फक्त प्रकल्प ज्यांच्याबरोबर करायचा ती माणसं तेवढी सापडायची होती.

"आई साड्या फॉल-पिकोला देते ना चिकपेटमध्ये, त्या राजलक्ष्मी अक्का," मुग्धा म्हणाली. "त्या गल्लीत पायऱ्यांवर बसून शिवणाऱ्या पुष्कळ बायका आहेत. त्यांना विचारू या का, काय हवंय ते?"

"विचारायचं काय त्यात?" टिळेकर म्हणाले. "त्यांना ॲप हवंय."

पुढल्या शनिवारी बापलेक मेट्रोने चिकपेटला उतरले. टिळेकरांच्या बगलेत फाइल होती, फाइलमध्ये ॲपचा रंगीत आराखडा. साड्यांचे गठ्ठे, हातगाड्या आणि गिऱ्हाइकं यांतून वाट काढत ते गल्लीत पोचले तेव्हा फाइलचा एक कोपरा दुमडला होता आणि आराखड्यावर कुणाच्या तरी कोपराचा ठसा उमटला होता. राजलक्ष्मी अक्का एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून जांभळ्या साडीला फॉल लावत होत्या. साठीच्या जवळ आलेल्या, नाकात चमकी, तोंडात दोन टाचण्या. टाचण्या न काढता त्यांनी टिळेकरांचं पाऊण तासाचं निवेदन ऐकून घेतलं. मग टाचण्या काढल्या.

"ॲप राहूं द्या अण्णा. स्वल्प बसा. एक विचारू? तुमच्या त्या ॲपमध्ये बाथरूम येतंय का?"

"म्हणजे?"

"म्हणजे जायला. आम्ही सव्वीस बायका हाव ह्या गल्लीत. सकाळी नवाला येतो, संध्याकाळी साहाला उठतो. मधी पाणी पीत नाही. पिलं तर जायचं कुठं? मागल्या वर्षी मला किडनीचं झालं. आठ दिवस पडून होते. डॉक्टर म्हणाले, अम्मा, पाणी प्या. मी म्हटलं, पिते की, तुम्ही संडास बांधा."

शेजारच्या पायरीवरच्या दोघी हसल्या, पण सुया थांबल्या नाहीत. अक्कांनी आपल्या सुईने समोर दाखवलं. समोर मराठी समाजाचं जुनं सभागृह होतं, आणि त्याच्या मागे एक लोखंडी दार. "त्यात हाय एक. नऊ वर्षं झाली, कुलूप हाय."

ज्याच्यासाठी आपण काही करतो तो माणूस स्वतःच बोलू लागतो, हा अनुभव टिळेकरांना नोकरीत कधी आला नव्हता. मुग्धाने त्यांच्या खिशातलं पेन काढलं आणि फाइलमधल्या आराखड्यावर एक आडवी रेघ मारली.

परतीच्या मेट्रोत टिळेकरांना राहवेना. "पण संडासात नावीन्य काय दाखवणार?" ते जरा मोठ्यानेच म्हणाले. समोर बसलेल्या एका तरुणाने कानातले इअरफोन काढले. तोही टिळेकरांसारखा पुण्याकडचाच निघाला असावा, कारण पुढची चार स्टेशनं तो अगदी लक्ष देऊन ऐकत होता.

आता ही बातमी सोसायटीत कशी पसरली ते सांगता येणार नाही, पण लिफ्टमध्ये टिळेकरांना सल्ले मिळू लागले. चौथ्या मजल्यावरचे म्हणाले, सोलर टाका. सातव्या मजल्यावरच्या बाईंनी क्यूआर कोड सुचवला. समोरच्या फ्लॅटमधला शुभंकर तर घरीच आला. तो एका स्टार्टअपमध्ये होता, आणि दुसऱ्यांकडून पैसे मिळवण्यासाठी काय बोलावं यावर लोकांना व्याख्यानं देत असे.

"काका, एक चूक करू नका. संडास हा शब्द पहिल्या पानावर नको."

"मग कितव्या पानावर?"

"कुठेच नको. लोक संडासाला पैसे देत नाहीत काका, व्हिजनला देतात. तुम्ही लिहा, सन्मान-केंद्रित जल-परिसंस्था."

हा शब्द टिळेकरांना इतका आवडला की त्यांनी तो अकरा वेळा वापरला. मुग्धाची परीक्षा चालू होती. तिने आठवडाभर अर्जाकडे पाहिलं नाही, आणि पाहिलं तेव्हा त्यात सोलर, क्यूआर कोड, दोन सेन्सर आणि एक आलेख होता. "बाबा, हे कशाबद्दल आहे?" तिने विचारलं. "तू परीक्षेचा अभ्यास कर," टिळेकर म्हणाले, आणि शुक्रवारी दुपारी, मुदतीच्या दोन तास आधी, तिच्याच लॉगिनमधून त्यांनी अर्ज दाखल केला.

मंगळवारी अर्ज परत आला. वर समितीचा शेरा होता: 'प्रस्ताव दोनदा वाचला. प्रकल्प नक्की कशाचा आहे ते समजले नाही. तळे आहे का?'

टिळेकरांनी तो शेरा मुग्धाच्या खांद्यावरून वाचला. मग शांतपणे गॅलरीत जाऊन उभे राहिले. स्मिताने चहा नेऊन दिला तर म्हणाले, "परत आलेला नाहीये तो. स्पष्टीकरणासाठी थांबलाय."

"हो ना," स्मिता म्हणाली. माणसाला कधी काय बोलू नये हे तिला कळत होतं.

"तळे आहे का, म्हणे! आलेखाखाली सगळं लिहिलंय. लोक वाचतच नाहीत."

तोवर आत मुग्धाने नवा मजकूर लिहिला होता. तो असा होता: 'चिकपेटच्या एका गल्लीत सव्वीस बायका दिवसभर पायऱ्यांवर बसून शिवणकाम करतात. त्यांना जायला संडास नाही, म्हणून त्या पाणी पीत नाहीत आणि आजारी पडतात. गल्लीतच समाजाच्या सभागृहामागे एक संडास आहे. त्याला नऊ वर्षं कुलूप आहे. तो दुरुस्त करून आम्हाला मिळून चालवायचा आहे.'

"एवढंच?" टिळेकर म्हणाले.

"एवढंच आहे, बाबा."

त्यांना तो मजकूर फार उघडावाघडा वाटला. कोट न घालता लग्नाला गेल्यासारखा. पण तीन दिवसांत उत्तर आलं की अर्ज दुसऱ्या फेरीत गेला आहे, आणि आता भागीदार संस्थेचं शिक्क्यानिशी पत्र, नोंदणीचा दाखला आणि सभेचा ठराव असे तीन कागद जोडावेत. मग समिती जागा पाहायला येईल.

कागद म्हटल्यावर टिळेकरांची तब्येत पुन्हा खुलली. "आता माझं काम," ते म्हणाले, आणि सभागृहाच्या अध्यक्षांना भेटायला निघाले.

अध्यक्ष नागोजीराव यांचं त्याच गल्लीत लेस आणि बटणांचं दुकान होतं. वय पंचाहत्तरच्या पुढे, पांढराशुभ्र शर्ट, आणि गल्ल्याजवळ बसून सगळ्या गल्लीवर नजर. त्यांनी टिळेकरांना स्टूल दिलं, कॉफी मागवली आणि चौकशी सुरू केली.

"तुम्ही कुठले?"

"पुण्याचे. पण आता बेंगळुरूचेच म्हणा. वीस वर्षं झाली."

"मग नवीनच की! आम्हाला येऊन साडेतीनशे वर्षं झाली." नागोजीरावांनी त्यांना जरा निरखून पाहिलं. "पण तुम्हाला मराठी बरं येतंय हां."

सदाशिव पेठेत जन्मलेल्या टिळेकरांनी कॉफीचा मोठा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली. काही अपमानांना उत्तर नसतं, कारण ते कौतुक म्हणून केलेले असतात.

मग कामाचं बोलणं निघालं. पत्र द्यायला नागोजीरावांची हरकत नव्हती. त्यांनी खणातून संस्थेचा छापील कागद काढला. डाव्या बाजूला कार्यकारिणीची अकरा नावं होती.

"ह्यातले सात वर गेले," ते म्हणाले.

टिळेकरांनी क्षणभर पहिल्या मजल्याकडे पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं.

"आणि त्या कुलपाची किल्ली?"

"चिटणिसांकडं होती."

"चिटणीस कुठे असतात?"

नागोजीरावांनी पुन्हा वर बोट दाखवलं.

नोंदणीचा दाखला एका पत्र्याच्या ट्रंकेत होता, आणि ट्रंक कुठे आहे हे चिटणिसांनाच माहीत होतं. राहता राहिला ठराव. त्यासाठी सभा हवी. सभेला किमान पंधरा सभासद हवेत एवढं नागोजीरावांना पाठ होतं. पुढच्या रविवारी त्यांनी सभा बोलावली. सभेला दहा जण आले, त्यातले दोघे केसरीबात, म्हणजे केशरी शिरा, आहे असं ऐकून आलेले. टिळेकरांनी चाळीस मिनिटांचं भाषण तयार करून आणलं होतं, पण सभाच होत नव्हती तर भाषण कुणापुढे करणार? सगळे घड्याळाकडे बघत बसले. बाहेरच्या पायऱ्यांवर, नेहमीसारख्याच, बायका शिवत बसल्या होत्या. रविवारीही चिकपेटला सुट्टी नसते.

"ह्या सभासद नाहीत का?" मुग्धाने विचारलं.

आजवर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

"बायका कशा असतील?" एक जण म्हणाले. "नियमात नसेल."

"दाखवा की नियम," दारातून राजलक्ष्मी अक्का म्हणाल्या. त्या केव्हा उठून आल्या ते कळलंच नव्हतं. मागे आणखी पाच-सात जणी होत्या.

"नियम ट्रंकेत हाय, अक्का," नागोजीराव म्हणाले.

"आणि ट्रंक?"

"गोत्तिल्ला. कुणालाच माहीत नाही."

"मग नाही कशावरून म्हणता?"

सगळ्यांनी टिळेकरांकडे पाहिलं. इथे कागदपत्रं कळणारा तो एकच माणूस होता. टिळेकर उभे राहिले. सगळ्या नोकरीत त्यांनी ज्या आवाजात लोकांना धडकी भरवली होती तो आवाज त्यांनी काढला. "लेखी मनाई उपलब्ध नसल्यास, सभासदत्व नाकारल्याची नोंद करता येत नाही."

याचा अर्थ कुणाला लागला नाही, पण ते कायदेशीर वाटलं. नागोजीरावांनी होकाराची मान हलवली. "सरी," ते म्हणाले.

त्या एका 'सरी'वर सोळा बायकांनी सभासदत्वाच्या वहीत सह्या केल्या. दोघींनी अंगठे उठवले, आणि त्यातली एक, जमनाबाई, अंगठा उठवून झाल्यावर कितीतरी वेळ त्या निळ्या ठशाकडे बघत उभी राहिली. सभा भरली. चिटणिसाची जागा रिकामी होती, तिथे राजलक्ष्मी अक्कांचं नाव सुचवलं गेलं. सुचवणारा कोण हे शेवटपर्यंत नक्की झालं नाही, कारण तीन जण एकदम बोलले. नव्या चिटणिसांच्या सहीने पहिला ठराव झाला: मागच्या दाराचं कुलूप फोडावं. टिळेकरांचं भाषण राहूनच गेलं. त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि केसरीबात घेतला.

कुलूप फोडायला देवाप्पा प्लंबर आला. तो गल्लीच्या टोकाला राहायचा आणि कामाला लागण्यापूर्वी प्रत्येक वस्तूला कन्नडमध्ये शिव्या द्यायचा. कुलपाने चार शिव्या ऐकल्या आणि पाचव्या घावाला ते निखळलं. आत मांडवाची कनात होती, फुटका लाउडस्पीकर होता, सतरंज्या होत्या, आणि वर माळ्यावर, धुळीने माखलेली, पत्र्याची ट्रंक होती.

ट्रंकेत सगळं होतं. नोंदणीचा दाखला, घटना, जुन्या सभांची वही. समाजाने आपले सगळ्यात मोलाचे कागद नऊ वर्षं संडासात ठेवले होते, ही गोष्ट टिळेकरांनी मनातल्या मनात टिपून ठेवली. ऑफिसातल्या कुणालाही ती सांगता येणार नव्हती. नागोजीरावांनी घटना उघडली, चष्मा सावरला आणि बोट फिरवत वाचू लागले. चौथ्या कलमावर बोट थांबलं.

"अठरा वर्षांवरील समाजाची कोणतीही व्यक्ती, पुरुष अथवा स्त्री," त्यांनी मोठ्याने वाचलं. मग खालची सही पाहिली. "माझ्या आजोबांची सही हाय ही." त्यांनी घटना मिटली. "त्यांनी लिहून ठेवलं होतं. आम्ही उघडून बघितलं नाही."

अक्कांनी त्यांच्यासमोरची ट्रंक ओढून घेतली, पदराने पुसली आणि म्हणाल्या, "आता बघितलं की, अण्णा. झालं."

तिन्ही कागद जोडले गेले. समितीचं उत्तर आलं, गुरुवारी दुपारी पाहणी. टिळेकरांनी पाहणीच्या दिवसाचं वेळापत्रक आखलं, त्याला परिशिष्ट जोडलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांना नीट झोप लागली. मंगळवारी सकाळी मुग्धाच्या फोनवर अक्कांनी फोटो पाठवला. फोटोत संडास होता. पांढऱ्या फरश्या, नवा नळ, निळा रंग दिलेलं दार, आणि दाराशी लग्नाच्या फोटोसारख्या ओळीने उभ्या राहिलेल्या आठ बायका. खाली लिहिलं होतं, 'आयतु.' म्हणजे झालं.

"कित्ती छान!" मुग्धा म्हणाली.

टिळेकर मात्र खुर्चीवर बसले. "छान काय? कलम नऊ! मंजुरीपूर्वी सुरू केलेल्या कामास अनुदान देय नाही. संडास नाही हीच तर आपली समस्या होती. आता समितीला दाखवायचं काय? समस्याच संपवून टाकली यांनी!"

त्यांनी अक्कांना फोन लावला. अक्का म्हणाल्या, देवाप्पाने बघितलं तर भांडं चांगलंच होतं, फक्त पाइप फुटलेला. तो त्याने बसवला. फरश्या समोरच्या दुकानातल्या उरलेल्या. मग थांबायचं कशाला? टिळेकरांनी त्यांना मंजुरी या शब्दाचा अर्थ समजावून सांगायचा प्रयत्न केला. पलीकडून शांतपणे प्रश्न आला, "तुम्ही थांबला असता का, अण्णा?"

शुभंकरला अर्थातच उपाय सुचला. "एक दिवसाचा प्रश्न आहे काका. गुरुवारी कुलूप लावा, शुक्रवारी काढा." टिळेकरांना ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचलंही नाही. गुरुवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि चिकपेटमधल्या हार्डवेअरच्या दुकानातून एक जाडजूड पितळी कुलूप विकत घेतलं. ते हातात घेऊन ते मागच्या दाराशी पोचले, तर तिथे मुग्धा उभी.

"बाबा, काय आहे ते?"

"काही नाही. चार तासांपुरतं."

"तू संडासाला कुलूप लावणार?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पायऱ्यांवरच्या सुया थांबल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या सगळ्या एकदम थांबल्या. अक्का उठून आल्या, कुलपाकडे पाहिलं, टिळेकरांकडे पाहिलं. "नऊ वर्षांनी उघडलंय हे दार, अण्णा. लावायला माझा हात चालायचा नाही. तुमचा चालत असंल तर लावा."

टिळेकर कुलूप घेऊन दारासमोर उभे राहिले. कडीत अडकवायचं आणि दाबायचं, एवढंच काम होतं. त्यांना कलम नऊ पाठ होतं. पण हात वर जाईना. शेवटी त्यांनी कुलूप पँटच्या खिशात टाकलं. त्या वजनाने पँट एका बाजूने खाली आली, आणि पाहणी संपेपर्यंत ते एका हाताने पट्टा धरूनच उभे होते.

समिती एक तास उशिरा आली. समितीत दोघं होते: अध्यक्ष डॉक्टर अक्षरा मॅडम आणि हिशेब विभागातले एक चष्मेवाले साहेब. शहराच्या दुसऱ्या टोकापासून कॅबने निघून त्यांना अडीच तास लागले होते. मॅडमनी नमस्कार केले, खुर्ची नाकारली, आणि उभ्या उभ्याच मुग्धाचं बोलणं ऐकू लागल्या. दोन मिनिटं झाली. मॅडम एका पायावरून दुसऱ्या पायावर गेल्या. पुन्हा पहिल्यावर आल्या. मग अक्कांच्या कानाशी वाकून कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटल्या.

"बन्नी," अक्का म्हणाल्या, या असं म्हणत त्यांचा हात धरला आणि त्यांना मागे घेऊन गेल्या.

पुरुषमंडळी सभागृहाच्या छताचं निरीक्षण करू लागली. छतात पाहण्यासारखं फारसं नव्हतं. साहेबांनी फाइल उघडली, मिटली. नागोजीराव खाकरले. पाच मिनिटांनी मॅडम परत आल्या त्या वेगळ्याच बाई होऊन. त्यांनी आता खुर्ची घेतली, पाणी मागितलं आणि सगळं प्यायल्या.

"मला बरेच प्रश्न विचारायचे होते," त्या म्हणाल्या. "ही सोय का हवी, हा पहिला होता. तो आता राहू दे."

पण साहेब हिशेब विभागातले होते. "मॅडम, म्हणजे हे चालू आहे. मग अनुदान कशाला? काम कधी झालं?"

टिळेकरांच्या ओठांवर 'हा प्राथमिक प्रायोगिक टप्पा होता' असं सुरेख वाक्य तयार होतं. ते वाक्य कुठल्याही ऑडिटमध्ये टिकलं असतं. त्यांनी तोंड उघडलं आणि स्वतःलाच आश्चर्य वाटेल असं काहीतरी बोलले.

"साहेब, काम याच आठवड्यात झालंय. मंजुरीआधी. मी यांना थांबवणार होतो. दाराला लावायला कुलूपही आणलं होतं." त्यांनी खिशातून ते काढून टेबलावर ठेवलं. पँट जागेवर आली. "लावता आलं नाही."

मॅडमनी कुलपाकडे पाहिलं, मग बायकांकडे. "कुणी काय केलं, मला सांगा."

मग सगळ्याच बोलू लागल्या. फरश्या कुणी आणल्या, नळ नागोजीरावांनी दिला, देवाप्पाने मजुरी घेतली नाही, रंग लावताना कुणाच्या साडीवर सांडला. मॅडम ऐकत ऐकत अर्ज चाळत होत्या. अकराव्या पानावर थांबल्या. "इथे एक रकाना आहे, भागीदार संस्थेचं स्वतःचं योगदान. सात वर्षं मी हे अर्ज वाचतेय. सगळे तिथे 'सहकार्य आणि शुभेच्छा' असं लिहितात. हे पहिलेच लोक, ज्यांनी फरशी आणि नळ दिला." त्यांनी साहेबांकडे पाहिलं. "झालं ते यांचं योगदान. राहिलं त्याला अनुदान. कलम नऊ मोडतंय का?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "तसं लिहिलं तर नाही मोडत," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

"काय राहिलंय?" मॅडमनी मुग्धाला विचारलं.

मुग्धाकडे यादी होती. ती बोलणार होती, पण थांबली. "अक्का, तुम्ही सांगा."

अक्का बोटांवर मोजू लागल्या. "नळाला पाणी बाराला जातंय, म्हणून वर टाकी. आत दिवा. रोज साफ करायला बाई, तिला महिन्याचा पगार, फुकट नको. आणि आणखी एक दार. सव्वीस जणींना एक पुरत नाही, आणि फुलवाल्या बायकाही विचारतायत."

"आणि हे सगळं चालवणार कोण?"

"चिटणीस."

"चिटणीस कोण आहेत?"

"मी," राजलक्ष्मी अक्का म्हणाल्या. हे सांगताना त्या जराशा ताठ झाल्या.

मॅडमनी लिहून घेतलं. मग त्यांची नजर टिळेकरांवर गेली. "आणि आपण? आपण कोण?"

सीनियर मॅनेजर, प्रोसेस ऑडिट, असं ते म्हणणार होते. व्हिजिटिंग कार्ड काढायला हातही गेला होता. पण अक्काच आधी बोलल्या. "हे आमचे अर्ज लिहिणारे."

टिळेकरांचा हात खिशातच राहिला. या हुद्द्याचा राग यायला हवा असं त्यांना वाटलं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, पण तो आला नाही.

पंधरा दिवसांनी मंजुरीचं पत्र आलं. दोन दुरुस्त्या सुचवल्या होत्या. पहिली टाकीच्या मापाची होती. दुसरी सातव्या पानावर चुकून उरलेल्या एका वाक्याबद्दल होती, ज्यात जल-परिसंस्था हा शब्द होता. मुग्धाने तो काढून टाकला. टिळेकर शेजारी बसून फक्त बघत होते, आणि या वेळी खरोखरच फक्त बघत होते.

टाकी चढली त्या शनिवारी सगळे चिकपेटला गेले. स्मिताही आली, येताना चार साड्या घेऊन. समारंभ असा काही नव्हता. नागोजीरावांनी नव्या दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला, आणि बायका टाळ्या वाजवून लगेच आपापल्या कामाला बसल्या. मुग्धा अक्कांशी पुढच्या महिन्याच्या कामाचं बोलत होती, स्मिता फॉलचा रंग जुळवत होती, आणि टिळेकरांना करायला काहीच नव्हतं.

ते गल्लीच्या तोंडाशी उभे होते, तेवढ्यात कापडाच्या गठ्ठ्यांची हातगाडी ओढत एक माणूस आला आणि त्यांच्यासमोर थांबला. घामाने भिजलेला, डोक्याला पंचा. त्याने गाडी टेकवली.

"अण्णा, अर्ज लिहिणारे तुम्हीच का?"

टिळेकरांनी आजूबाजूला पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं. "मीच. आपण?"

"मी पिराजी. आम्ही हमाल, चाळीस जण हाव ह्या पेठेत. राजलक्ष्मी अक्का म्हणाल्या, तुमाला विचारा." तो जरा घुटमळला. "आमाला पण एक काम होतं."

टिळेकरांच्या डोक्यात क्षणार्धात एक शीर्षक चमकून गेलं. श्रम-केंद्रित काहीतरी. पाठोपाठ दोन रकाने आणि एक आलेखही. त्यांनी ते सगळं तसंच जाऊ दिलं. मग हातगाडीवरचा एक गठ्ठा जरा सरकवला, त्याच्या कडेला बसले आणि पिराजीला शेजारी जागा करून दिली.

"बसा," ते म्हणाले. "काय पाहिजे ते सावकाश सांगा. मला घाई नाही."

पिराजीने डोक्याचा पंचा सोडला, तोंड पुसलं आणि सांगायला सुरुवात केली.